आपला नकाशा आपल्या हाती

मराठी शाळांत शिकलेल्या कितीतरी पिढ्यांची इनुइट लोकांशी पहिली भेट भूगोलाच्या पुस्तकात झाली. बर्फाचे घुमटाकार घर, कुत्र्यांनी ओढलेली घसरगाडी, सीलच्या कातड्याची होडी, केसाळ पोशाखातली हसरी माणसे आणि चित्राखाली ‘एस्किमो’ असा एक शब्द. त्या धड्यात हवामान होते, प्राणी होते, घरबांधणीची रीत होती. त्या माणसांचे म्हणणे मात्र त्यात कुठेच नव्हते. हीच माणसे पंतप्रधानांपुढे मागण्या मांडतात, युरोपच्या न्यायालयापर्यंत खटले नेतात, स्वतःची टीव्ही संस्था चालवतात, आपल्या भाषेच्या लिपीवर वर्षानुवर्षे चर्चा करून निर्णय घेतात, हे त्या चित्रावरून कोणाच्या ध्यानात येणे शक्यच नव्हते. प्रस्तुत पुस्तक लिहिले गेले ते या राहून गेलेल्या गोष्टीसाठी.

पुस्तकाचा विषय आहे ‘इनुइट तापिरीत कनातामी’ ही कॅनडातील इनुइटांची राष्ट्रीय संस्था. 1971 साली ती ‘इनुइट तापिरिसत ऑफ कॅनडा’ या नावाने उभी राहिली. 2001 पासून आजचे नाव रूढ झाले. तिचे कार्यालय राजधानी ओटावात आहे, पण तिचे बळ आहे तिथून शेकडो कोस दूर असलेल्या गावांत. संस्कृतिरक्षण करणाऱ्या संस्था जगात पुष्कळ आहेत. त्यांतल्या बहुतेक वस्तू जमवतात, महोत्सव भरवतात, ग्रंथ छापतात. या संस्थेने मात्र पहिल्या दिवसापासून एक गोष्ट घट्ट धरून ठेवली. जमीन कोणाची, शाळेत कोणत्या भाषेत शिकवायचे, शिकार किती करायची, आजाऱ्याला कुठे न्यायचे, हे ठरवण्याचा हक्क ज्याच्या हातात असतो त्याचीच संस्कृती टिकते, हा तिचा विश्वास आहे. गेल्या पन्नासहून अधिक वर्षांतील तिचे सारे काम या विश्वासातून झाले. म्हणूनच तिचा इतिहास एका दूरच्या समाजापुरता राहत नाही. आपापल्या भाषेची आणि गावाची काळजी असलेल्या प्रत्येकाने तो वाचावा असा आहे.

प्रथम ही भूमी समजून घेऊ. कॅनडातील इनुइट आपल्या मायभूमीला ‘इनुइट नुनांगत’ म्हणतात. त्यात जमीन येते, तसेच पाणी आणि बर्फही येते. वर्षातले कित्येक महिने गोठलेला समुद्र हाच तिथला रस्ता असतो आणि शिकारीचे रानही तोच असतो. या मायभूमीचे चार भाग आहेत. पश्चिमेला ब्यूफोर्ट समुद्राकाठी इनुविआलुइतांचा प्रदेश, मध्यभागी विस्तीर्ण नुनावुत, क्युबेक प्रांताच्या उत्तरेला नुनाविक आणि अटलांटिकच्या बाजूला लॅब्रॅडॉरच्या किनाऱ्यावर नुनात्सियावुत. कॅनडाच्या एक तृतीयांशाहून अधिक भूभाग आणि निम्म्याहून अधिक किनारा या चार प्रदेशांत मोडतो. एवढ्या अफाट मुलखात गावे आहेत अवघी 51. बहुतेक गावांना जोडणारा रस्ता नाही. विमान हाच बारमाही आधार, आणि उन्हाळ्यात बर्फ फुटला की मालाची जहाजे येतात. 2021 च्या जनगणनेत कॅनडात सत्तर हजारांहून थोडे अधिक इनुइट नोंदले गेले. त्यांतले दोन तृतीयांशांहून जास्त याच गावांत राहतात. महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्यालाही मागे न टाकणारी ही लोकसंख्या आहे. तिने देशाची राज्यघटना आणि देशाचा नकाशा या दोन्हींवर आपली मुद्रा उमटवली, यावरून या कहाणीचे मोल ध्यानात यावे.

व्हेल मारणारी जहाजे, फर विकत घेणारे व्यापारी, मिशनरी आणि पोलीस असे बाहेरचे लोक उत्तरेत बऱ्याच आधीपासून येत होते. दैनंदिन जीवनात सरकारचा हात खोलवर शिरला तो मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आणि त्यानंतर. इनुइटांत आडनावाची पद्धत नव्हती. गेलेल्या आप्ताचे नाव नव्या बाळाला देत, आणि नावाबरोबर त्या आप्ताची नातीही बाळाकडे येत; आजोबांचे नाव मिळालेल्या नातवाला आजी वेगळ्याच मायेने हाक मारी. सरकारी नोंदवहीत हे बसेना. 1941 पासून प्रत्येक इनुइटाला क्रमांक कोरलेली एक छोटी चकती देण्यात आली. ती गळ्यात किंवा मनगटावर बाळगायची, आणि सरकारदरबारी माणसाची ओळख त्या क्रमांकाने व्हायची. ही पद्धत मोडीत निघू लागली ती 1960 च्या दशकाच्या अखेरीस, जेव्हा एब ओकपिक हे इनुइट गृहस्थ गावोगाव फिरले आणि त्यांनी कुटुंबांना विचारून आडनावे नोंदवली.

1953 मध्ये नुनाविकमधील इनुक्जुआक इथली काही कुटुंबे जहाजात बसवून सुमारे दोन हजार किलोमीटर उत्तरेला नेण्यात आली. बॅफिन बेटावरच्या पाँड इनलेटमधील काही कुटुंबेही त्यांच्याबरोबर दिली गेली. 1955 मध्ये आणखी काही जण नेले. तिकडे शिकार भरपूर आहे आणि आवडले नाही तर परत आणू, असे त्यांना सांगितले होते. प्रत्यक्षात रेझोल्यूट आणि ग्रीझ फिओर्ड या ठिकाणी त्यांच्या वाट्याला महिनोन्महिने न उगवणारा सूर्य, अनोळखी जनावरे आणि अनोळखी बर्फ आला. एकत्र निघालेली नातलग मंडळी वाटेत वेगवेगळ्या ठिकाणी उतरवली गेली. परत नेण्याचे वचन पाळले गेले नाही. शीतयुद्धाच्या त्या काळात उत्तर ध्रुवाजवळच्या बेटांवर कॅनडाचा ताबा दिसावा म्हणून माणसे वापरली गेली, अशी या कुटुंबांची ठाम भावना आहे. त्या बोटीतून गेलेल्या मुलांपैकी दोघांची नावे पुढे देशभर झाली. जॉन अमागोआलिक या संस्थेचे अध्यक्ष झाले आणि नुनावुतचे जनक म्हणून ओळखले जातात. मार्कूसी पात्साउक वैमानिक झाले. त्यांनी इनुक्तितूत भाषेत लिहिलेली कादंबरी 1970 साली ‘हार्पून ऑफ द हंटर’ या नावाने इंग्रजीत आली.

याच काळात क्षयरोगाची साथ पसरली. दरवर्षी ‘सी. डी. हाउ’ नावाचे जहाज गावोगाव फिरे, जहाजावरच एक्स-रे काढला जाई, आणि ज्याच्या छातीत डाग दिसे त्याला तिथूनच दक्षिणेच्या रुग्णालयात नेत. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या मुलाबाळांचा निरोप घ्यायलाही अनेकांना उतरू दिले नाही. 1950 च्या दशकाच्या मध्यावर दर सात इनुइटांमागे साधारण एक जण दक्षिणेतल्या रुग्णालयात होता. कित्येक जण तिथेच वारले आणि त्यांना कुठे पुरले हे घरच्यांना दशकानुदशके कळले नाही. मुलांना निवासी शाळांत पाठवण्यात आले. तिथे मातृभाषा बोलण्यावर बंदी होती. फिरती कुटुंबे गावांत स्थिर झाली. घसरगाडी ओढणारी कुत्री अनेक ठिकाणी पोलिसांनी व अधिकाऱ्यांनी गोळ्या घालून मारली. कुत्री गेली म्हणजे शिकाऱ्याचे पाय गेले, आणि शिकार गेली म्हणजे अन्न, वस्त्र आणि मान तिन्ही गेले.

ही सारी पार्श्वभूमी मनात धरून 1970 कडे वळावे लागते. 1968 मध्ये अलास्काच्या प्रुडो बे इथे प्रचंड तेलसाठा सापडला. दुसऱ्या वर्षी ‘मॅनहॅटन’ हे महाकाय तेलवाहू जहाज बर्फ फोडत वायव्य मार्गातून गेले. तेल कंपन्यांच्या शोधमोहिमा शिकाऱ्यांच्या मुलखात शिरल्या. बँक्स बेटावरच्या सापळेकऱ्यांना आपल्या रानाचे परवाने वाटले गेल्याचे मागाहून कळले. 1970 च्या जुलैत कॉपरमाइन इथे, म्हणजे आजच्या कुग्लुक्तुक गावी, आर्क्टिकमधील मूलनिवासी प्रतिनिधींची परिषद भरली. दूरदूरची माणसे प्रथमच समोरासमोर बसली. बोलीत फरक होता, अडचणी मात्र सगळ्यांच्या एकच निघाल्या. त्याच्या पुढच्याच वर्षी सात जणांची समिती बनली आणि तिच्यातून राष्ट्रीय संस्था उभी राहिली. टागाक कर्ली हे तिचे पहिले अध्यक्ष. त्या वेळी ते जेमतेम पंचविशी ओलांडलेले होते. निवासी शाळांत शिकलेल्या या पिढीला इंग्रजी येत होते, कायदा वाचता येत होता, आणि आईवडिलांना जे सोसावे लागले ते तिने डोळ्यांनी पाहिले होते.

संस्थेने हाती घेतलेले पहिले मोठे काम या पुस्तकाचा कणा आहे. ते होते नकाशाचे. सरकारच्या नकाशात उत्तरेचा प्रदेश रिकामा दिसत होता. तिथे शेत नाही, कुंपण नाही, सातबारा नाही. मग जमीन कोणाची? मानवशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीमन यांच्या नेतृत्वाखाली इनुइट भूमिवापर प्रकल्प सुरू झाला. शिकाऱ्यांपुढे नकाशे पसरले आणि आयुष्यभरात कुठे कॅरिबू मारला, कुठे सील, कुठे मासा, हिवाळी तळ कुठे पडला, सापळ्यांची रांग कोणत्या दरीतून गेली, हे प्रत्येकाकडून रेघांनी आखून घेतले. असे सोळाशेच्या आसपास आयुष्यांचे नकाशे तयार झाले. 1976 मध्ये तीन खंडांत ते प्रसिद्ध झाले तेव्हा रिकाम्या दिसणाऱ्या प्रदेशावर रेघांचे दाट जाळे उमटले होते. लॅब्रॅडॉरच्या इनुइटांनी दुसऱ्या वर्षी आपला वेगळा ग्रंथ काढला. म्हाताऱ्या शिकाऱ्यांच्या स्मरणातली माहिती पुराव्याचा कागद झाली. जगात पुढे मूलनिवासींच्या जमीनहक्कांसाठी जी नकाशापद्धत वापरली गेली, तिच्या आरंभीच्या मोठ्या उदाहरणांत या प्रकल्पाची गणना होते.

1976 मध्येच संस्थेने नुनावुत या स्वतंत्र प्रदेशाची मागणी पंतप्रधान पिएर ट्रुडो यांच्यापुढे ठेवली. पुढची वाट सरळ नव्हती. पहिला मसुदा मागे घ्यावा लागला, पश्चिमेच्या इनुविआलुइतांनी आपला करार वेगळा करायचे ठरवले. 1979 मध्ये बेकर लेक गावाच्या खटल्यात संस्था स्वतः वादी होती. युरेनियमचा शोध थांबवण्याची मागणी न्यायालयाने मानली नाही, पण त्या भूमीवर इनुइटांचा मूळ हक्क आहे हे मान्य केले. घटनादुरुस्तीच्या चर्चा सुरू झाल्या तेव्हा संस्थेने त्यासाठी खास समिती नेमली, आणि 1982 च्या राज्यघटनेत मूलनिवासींच्या हक्कांचे कलम आले. त्यात इनुइटांचे नाव स्पष्टपणे नोंदले गेले. त्या वर्षीच्या सार्वमतात वायव्य प्रदेशांच्या विभाजनाला कौल मिळाला. 1993 मध्ये नुनावुत करारावर सह्या झाल्या. त्यानुसार सुमारे साडेतीन लाख चौरस किलोमीटर जमिनीची मालकी इनुइटांना मिळाली. 1 एप्रिल 1999 रोजी नुनावुत हा नवा प्रदेश अस्तित्वात आला. कॅनडाच्या एक पंचमांश भूभागावर पसरलेल्या, आणि जिथे बहुसंख्य लोक इनुइट आहेत अशा या प्रदेशाच्या जन्माने देशाचा नकाशाच बदलला. पहिल्या मागणीपासून इथवर यायला 23 वर्षे लागली, आणि या साऱ्या काळात एकदाही शस्त्र उचलले गेले नाही.

चारही प्रदेशांचे करार आज झालेले आहेत: नुनाविकचा 1975 मध्ये, इनुविआलुइतांचा 1984 मध्ये, नुनावुतचा 1993 मध्ये आणि नुनात्सियावुतचा 2005 मध्ये. प्रत्येकाची रचना निराळी. कुठे विकास महामंडळ आहे, कुठे सार्वजनिक सरकार, तर नुनात्सियावुतमध्ये इनुइटांचे स्वशासन. राष्ट्रीय संस्थेची घडण या करारांवरच आधारलेली आहे. तिच्या कार्यकारी मंडळात मतदानाचा हक्क असतो तो चार प्रदेशांच्या करारधारक संघटनांच्या प्रमुखांना. परिध्रुवीय इनुइट परिषदेची कॅनडा शाखा, ‘पाउक्तूतीत’ ही महिला संघटना आणि राष्ट्रीय युवा परिषद यांचे प्रतिनिधी मंडळात बसतात, पण मत देत नाहीत. जमिनीचा व्यवहार प्रदेश पाहतात; देशपातळीवरचे धोरण, केंद्र सरकारशी बोलणी आणि सर्वांचा समान आवाज हे काम ओटावातून होते. 2017 मध्ये पंतप्रधान जस्टिन ट्रुडो आणि इनुइट नेत्यांनी इकालुइत इथे घोषणापत्रावर सह्या केल्या. तेव्हापासून मंत्री आणि इनुइट नेते एका कायम समितीत समोरासमोर बसतात.

आता भाषेकडे येऊ. 1970 च्या दशकात उपग्रहामुळे टीव्ही उत्तरेत पोचला तो इंग्रजी बोलतच. इग्लूलिक गावाने याला काय उत्तर दिले ते मुळातून वाचण्याजोगे आहे. आपल्या भाषेतला कार्यक्रम नसेल तर टीव्ही नको, असा कौल त्या गावाने दोनदा दिला. राष्ट्रीय संस्थेने यातून मार्ग काढला. ‘इनुकशुक’ हा उपग्रह प्रकल्प हाती घेऊन तिने इनुइट तरुणांना कॅमेरा आणि संकलन शिकवले, आणि त्यातून 1981 मध्ये इनुइट ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन जन्माला आले. शिकाऱ्यांच्या आठवणी, मुलांचे कार्यक्रम, गावच्या सभा, सारे इनुक्तितूतमध्ये घरोघर दिसू लागले. इग्लूलिकचेच दिग्दर्शक झकारियास कुनुक यांनी पुढे संपूर्ण इनुक्तितूतमध्ये केलेल्या ‘अतानारजुआत’ या चित्रपटाला 2001 मध्ये कान महोत्सवात पदार्पणातील सर्वोत्तम चित्रपटाचा कॅमेरा द’ऑर मिळाला. गावाने दिलेला नकार इतका फलदायी ठरला.

लिपीचा प्रश्न याहून नाजूक. लॅब्रॅडॉरमध्ये मोरेव्हियन मिशनऱ्यांनी अठराव्या शतकात रोमन लिपी आणली. हडसन उपसागराच्या आणि बॅफिन बेटाच्या बाजूला एकोणिसाव्या शतकात अक्षरचिन्हांची लिपी पसरली. पश्चिमेला पुन्हा वेगळी रोमन. एकाच भाषाकुळासाठी नऊ लेखनपद्धती झाल्या. एका प्रदेशात छापलेले पाठ्यपुस्तक दुसऱ्या प्रदेशातल्या मुलाला वाचता येईना. संस्थेने 2012 पासून चारही प्रदेशांतले जाणकार एकत्र बसवले, आणि 2019 च्या सप्टेंबरात ‘इनुक्तूत कालिउजाक्पाइत’ ही समान रोमन लेखनपद्धती मंडळाने मान्य केली. ती कोणावर लादलेली नाही. अक्षरचिन्हांची लिपी अनेकांच्या प्रार्थनापुस्तकांत, आजीच्या पत्रांत आणि दुकानांच्या पाट्यांवर आहे, आणि तिच्यावर लोकांचा जीव आहे. समान पद्धती मुख्यत्वे शाळा, छपाई आणि संगणक यांच्यासाठी आहे. भाषेची स्थितीही सर्वत्र सारखी नाही. नुनाविकमध्ये जवळजवळ सगळे ती बोलतात. इनुविआलुइत आणि नुनात्सियावुत इथे बोलणारे थोडे उरले आहेत. 2019 मध्ये देशाने मूलनिवासी भाषांचा कायदा केला तेव्हा त्यात इनुइटांच्या भाषेसाठी ठोस तरतूद नाही म्हणून संस्थेने त्याला पाठिंबा दिला नाही. केवळ नावापुरता सन्मान तिने स्वीकारला नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

भाषेबरोबर इतर गोष्टीही परतल्या आहेत. दोन स्त्रियांनी समोरासमोर उभे राहून घशातून आवाज काढत खेळायचे ‘कताज्जाक’ हे गाणे मिशनऱ्यांच्या काळात दडपले गेले होते. 2014 मध्ये क्युबेकने आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत पहिले स्थान त्याला दिले. स्त्रियांच्या चेहऱ्यावर आणि हातांवर गोंदण्याची जुनी कला तरुण मुलींनी पुन्हा उचलली आहे. बाळाला पाठीशी घेता येईल अशा ‘अमाउती’ या अंगरख्याच्या रचनेवर बाहेरच्या फॅशन कंपन्यांनी हक्क सांगू नये म्हणून ‘पाउक्तूतीत’ने मोहीम चालवली. ज्ञान कोणा एका व्यक्तीचे नसून साऱ्या समाजाचे आहे, अशा वेळी त्याला कायद्याचे संरक्षण कसे द्यायचे, हा प्रश्न त्या मोहिमेने जगापुढे ठेवला.

सीलचा प्रश्न वाचकाने मन मोकळे ठेवून समजून घ्यावा अशी माझी विनंती आहे. प्राण्यांविषयी करुणा बाळगणे आपल्याला स्वाभाविक वाटते. पण जिथे झाड उगवत नाही तिथे सील म्हणजे अन्न, दिव्याचे तेल, बूट आणि रोख पैसा. 1983 मध्ये युरोपने सीलच्या पांढऱ्या पिलांच्या कातड्यांवर बंदी घातली. इनुइटांची शिकार वेगळी होती, तरी बाजार कोसळला तो सगळ्यांसाठीच. 2009 मध्ये युरोपीय संघाने सीलच्या सर्व उत्पादनांच्या विक्रीवर बंदी घातली आणि इनुइटांना कागदावर सवलत ठेवली. बाजारच उरला नाही तर सवलतीचा उपयोग काय? संस्थेने युरोपच्या न्यायालयात दाद मागितली. 2013 मध्ये अंतिम निकाल विरोधात गेला. तरीही तो खटला संस्थेच्या नावाने युरोपीय कायद्याच्या अभ्यासात कायमचा दाखल झाला आहे. दूरच्या माणसांच्या सद्भावनेतून झालेला कायदाही, ज्यांच्या पोटाशी त्याचा संबंध आहे त्यांना न विचारता केला तर अन्यायकारक ठरतो, हे या प्रकरणातून लख्ख दिसते.

अलीकडच्या काळात सरकारने क्षमा मागण्याचे अनेक प्रसंग घडले. 11 जून 2008 रोजी निवासी शाळांबद्दल कॅनडाच्या संसदेत माफी मागितली गेली, तेव्हा संस्थेच्या अध्यक्ष मेरी सायमन यांनी सभागृहात उत्तर दिले आणि सुरुवात आपल्या भाषेत केली. त्याच मेरी सायमन 2021 मध्ये कॅनडाच्या गव्हर्नर जनरल झाल्या. त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या मूलनिवासी व्यक्ती. स्थलांतरित कुटुंबांची क्षमा 2010 मध्ये, क्षयरोगाच्या काळातल्या वागणुकीबद्दलची 2019 मध्ये मागण्यात आली. हरवलेल्या नातलगांच्या कबरी शोधून देण्याचे काम ‘नानिलावुत’ प्रकल्पातून सुरू झाले. एवढे होऊनही क्षयरोग गेलेला नाही. कॅनडात जन्मलेल्या, मूलनिवासी नसलेल्या लोकांच्या तुलनेत इनुइटांमध्ये त्याचे प्रमाण सुमारे तीनशे पट असल्याचे दिसून आले, आणि 2018 मध्ये सरकार व संस्थेने 2030 पर्यंत त्याच्या निर्मूलनाचे ध्येय जाहीर केले. दाटीवाटीची घरे आणि महागडे अन्न ही त्याची मुळे आहेत. तरुणांच्या आत्महत्या हे आणखी मोठे दुःख. 2016 मध्ये संस्थेने राष्ट्रीय प्रतिबंधक धोरण आखले. त्यात बालपणातील सुरक्षितता, मानसिक आरोग्यसेवा, घर आणि संस्कृतीशी नाते या सगळ्यांचा एकत्र विचार आहे. 2015 पासून अध्यक्ष असलेले नुनात्सियावुतचे नातान ओबेद यांच्या कारकिर्दीत अशी धोरणे एकामागून एक आली: 2018 मध्ये संशोधनाचे, 2019 मध्ये हवामानबदलाचे. आर्वियात इथे मुख्य परिसर असलेले इनुइट नुनांगत विद्यापीठ ही त्यापुढची पायरी ठरेल.

संशोधनविषयक धोरणाचा आपल्याशी थेट संबंध येतो. भारत 2013 पासून आर्क्टिक परिषदेचा निरीक्षक आहे, आणि 2022 मध्ये आपण आर्क्टिक धोरण जाहीर केले. ध्रुवीय संशोधनाचे आपले राष्ट्रीय केंद्र गोव्यात वास्को इथे आहे. स्वालबार्डमधील ‘हिमाद्री’ हे भारतीय स्थानक त्याच्याच देखरेखीखाली 2008 पासून चालते. उत्तरेचे बर्फ आणि आपला पाऊस यांतील नाते आपले शास्त्रज्ञ तपासत आहेत. आर्क्टिक परिषदेत इनुइट कायम सहभागी म्हणून बसतात. संशोधक येतात, नमुने आणि मुलाखती घेऊन जातात, निष्कर्ष दक्षिणेत छापतात, आणि ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांच्या हाती काही येत नाही, अशी त्यांची जुनी तक्रार आहे. काय अभ्यासायचे, पैसा कोणाकडे जाईल आणि माहिती कोणाच्या ताब्यात राहील, हे ठरवताना आम्ही सोबत असलो पाहिजे, असे त्यांचे धोरण सांगते. स्थानिक स्मरणाची ताकद तर सिद्ध झालेली आहे. 1840 च्या दशकात हरवलेल्या फ्रँकलिन मोहिमेच्या दोन जहाजांविषयी इनुइट पिढ्यानपिढ्या सांगत आले होते. 2014 मध्ये ‘एरेबस’ आणि 2016 मध्ये ‘टेरर’ सापडले, ते त्यांच्या माहितीची दखल घेतली तेव्हा.

संस्थेच्या मर्यादाही या पुस्तकात लपवलेल्या नाहीत. अध्यक्षाची निवड सर्व इनुइटांच्या थेट मतदानाने होत नाही, प्रदेशांचे प्रतिनिधी ती करतात. ओटावा, एडमंटन, मॉन्ट्रियल अशा शहरांत राहणाऱ्या इनुइटांची संख्या वाढते आहे. त्यांच्या गरजा गावांहून वेगळ्या आहेत आणि करारांची चौकट त्यांना पुरी पडत नाही. स्त्रिया व तरुण यांना मंडळात जागा आहे, मत नाही. दक्षिण लॅब्रॅडॉरमधील नुनातुकावुत गटाच्या इनुइट ओळखीच्या दाव्याला संस्थेने विरोध केला आहे, आणि इनुइट कोण हे कोणी ठरवायचे हा वाद तिथे तीव्र आहे. खाणी आणि खनिजे यांबद्दल गावागावांत मतभेद आहेत. कोणाला रोजगार हवा आहे, कोणाला कॅरिबूची वाट मोकळी हवी आहे. चार प्रदेशांना एका आवाजात बोलायला लावताना एखाद्याचा आवाज मागे पडण्याची भीती कायम असते. या प्रश्नांची सोपी उत्तरे नाहीत. ते उघडपणे, सभांमध्ये आणि सार्वजनिक निवेदनांतून मांडले जातात, हे मात्र संस्थेच्या जिवंतपणाचे लक्षण आहे.

वाचकाने पुढील प्रकरणे कालक्रमाने वाचावीत, पण नकाशांचे प्रकरण आधी वाचले तरी चालेल. बाकी सारे त्यातून उलगडत जाते. लोकांची आणि गावांची नावे त्यांच्या उच्चाराच्या शक्य तितक्या जवळ ठेवली आहेत. शिकारीची, कपड्यांची आणि बर्फाची वर्णने येतील तेव्हा ती कौतुकाच्या वस्तू म्हणून न वाचता, त्यांच्याभोवती कोणता निर्णय आणि कोणता हक्क गुंफलेला आहे याकडे लक्ष द्यावे.

आपल्याकडे भाषा आणि संस्कृतीविषयी बोलताना अभिमानाचे शब्द भरपूर असतात. पण शाळेचे माध्यम, गावाची जमीन, लोककलांवरचा हक्क, आदिवासींच्या रानातल्या परवान्यांचे निर्णय, हे विषय आपण त्या चर्चेपासून वेगळे ठेवतो. इनुइटांनी ते कधी वेगळे होऊ दिले नाहीत, आणि म्हणून इतक्या थोड्या लोकांना इतके मिळवता आले. हे पुस्तक वाचून झाल्यावर प्रत्येक वाचकाने आपल्या गावाविषयी एक प्रश्न जरूर विचारावा: इथले निर्णय कोण घेते, आणि ज्यांच्यावर ते घेतले जातात ती माणसे त्या बैठकीत असतात का? उत्तर नकारार्थी आले, तर काम तिथूनच सुरू करावे.